कासू ते लोद : भांडणातली कला

मागच्या व्याख्यानात आवाज नीट आला नाही अशी तक्रार होती, म्हणून आज पंखा बंद ठेवलाय. घाम येईल, पण चालेल.

ऑनलाईन ऐकणाऱ्यांसाठी आधी जागा सांगतो. मी कासूत बसलोय. पेण आणि नागोठण्याच्या मधलं हे गाव. दिवा-रोहा गाडी इथं मिनिटभर थांबते. बाकी जगानं आमचं नाव ऐकलंय ते मुंबई-गोवा महामार्गामुळे. पळस्पे ते कासू एक टप्पा, कासू ते इंदापूर दुसरा. त्या रस्त्याबद्दल आज बोलत नाही, नाहीतर तासभर त्यातच जाईल.

आजचा विषय आहे ज्यू आणि पॅलेस्टिनी कलावंत, आणि भांडण पेटलेलं असताना त्यांनी केलेलं काम. तुम्ही म्हणाल, भाताच्या खाचरात बसून हा विषय कुठून सुचला? पण हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही. बेने इस्रायल मंडळी याच पट्ट्यातली. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची परंपरागत कथा. इतिहासकार तिच्यावर वाद घालतात, घालोत. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर ही त्यांची आडनावं म्हणजे रायगडचा नकाशाच. १९३१ सालच्या 'आलम आरा'ची कथा ज्या जोसेफ डेव्हिड यांची, तेही पेणकरच. अब्राहामाचं चरित्र या लोकांनी मराठी कीर्तनात सांगितलं, साकी-दिंडी-ओवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची अशी कीर्तनं छापली गेली.

१९५१च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११मध्ये पाच हजारसुद्धा उरले नाहीत. बहुतेक जण इस्रायलला गेले. आता इथं जरा थांबूया. गेले म्हणजे नेमके कुठं गेले? अश्दोद, दिमोना, बेरशेबा, रामला आणि लोद. तेल अवीवचं विमान उतरतं ते लोदच्या शेजारी. या लोदमध्ये आणि रामल्यात आजही मराठी कानावर पडतं.

पण या दोन गावांत १९४८च्या जुलैत काय झालं? इस्रायली सैन्यानं गावं घेतली आणि पन्नास हजारांहून जास्त पॅलेस्टिनी माणसांना ऐन उन्हाळ्यात पायी बाहेर काढलं. काही थोडे मागे राहिले. रिकाम्या झालेल्या त्या गावांत जगभरातून आलेले ज्यू वसवले गेले, आणि पुढं त्यांत आपली कोकणी माणसंही आली. त्यांनी कुणाला हाकललं नव्हतं. उलट त्यांचाच तिथं छळ झाला. तुम्ही पुरते ज्यू आहात का, अशी शंका तिथल्या धर्मपीठानं घेतली, लग्नं अडवली. त्यावर या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, तेव्हा ऑगस्ट १९६४मध्ये तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला. म्हणजे एकाच गावात घर गेलेला माणूस आणि ओळख नाकारलेला माणूस शेजारी शेजारी. यातला कोण पीडित, असं विचारलं तर तत्त्वज्ञानाच्या पेपरात दहा मार्कांचा प्रश्न होईल. लोदमध्ये त्या प्रश्नासकट रोज भाजी आणायला जावं लागतं.

या लोदमध्येच १९९०च्या दशकाच्या अखेरीला तीन पॅलेस्टिनी पोरांनी रॅपचा गट काढला. तामेर नफार, त्याचा भाऊ सुहेल आणि मित्र महमूद जरेरी. गटाचं नाव 'दाम'. हिब्रूत याचा अर्थ रक्त. आपल्याकडचा दाम निराळा, आणि तो या पोरांच्या खिशात बेताचाच होता. ही इस्रायलची नागरिक असलेली पोरं. अरबीत गातात, आणि हिब्रूतही गातात. हिब्रूत का? तर ज्याच्याशी भांडण आहे त्याला कळलं पाहिजे म्हणून. २००१मध्ये त्यांचं 'दहशतवादी कोण?' असं विचारणारं गाणं आलं, आणि लोदची गल्ली अरब जगभर पोचली. मला रॅप कळत नाही हे कबूल करतो. नातवानं दोन वेळा ऐकवलं, तिसऱ्या वेळी मला त्यात डफ ऐकू यायला लागला.

पुढं २०१६मध्ये 'जंक्शन ४८' नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक उदी अलोनी, इस्रायली ज्यू. नायक आणि सहलेखक तामेर नफार. गाव लोदच. त्यातला एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. नायकाच्या मित्राचं घर सरकार पाडणार असतं. कशासाठी? तर सहजीवनाचं संग्रहालय बांधण्यासाठी! बघा हं, माणसाचं घर पाडायचं आणि तिथं आपण किती गुण्यागोविंदानं राहतो याचं प्रदर्शन मांडायचं. ज्यू आणि पॅलेस्टिनी कलावंतांच्या एकत्र कामावर जो सगळ्यात मोठा आक्षेप घेतला जातो, तो या दोघांनी मिळून स्वतःच सिनेमात घालून ठेवलाय. तुम्ही एकत्र गाता, फोटो छान येतो, पण नाक्यावर एकाला अडवतात आणि दुसऱ्याला जाऊ देतात, त्याचं काय? डॅनियल बॅरेनबॉइम आणि एडवर्ड सईद यांनी १९९९मध्ये काढलेल्या वाद्यवृंदालाही हेच ऐकावं लागलं. मला स्वतःला तो आक्षेप बराचसा पटतो. सलोखा दाखवणारी कला आणि विषमता कबूल करून केलेलं एकत्र काम, यांत फरक आहे. पहिलीला सत्काराची शाल मिळते. दुसरी करणाऱ्यांना दोन्हीकडून शिव्या बसतात, आणि कधी त्याहून जास्त. जेनिनच्या निर्वासित छावणीत 'फ्रीडम थिएटर' उभारणारा जुलियानो मेर-खमिस, ज्याची आई ज्यू आणि वडील पॅलेस्टिनी, त्याला ४ एप्रिल २०११ रोजी त्याच नाट्यगृहाबाहेर गोळ्या घातल्या.

आता आपल्या मुलखातली एक चित्रकार. सिओना बेंजामिन, बेने इस्रायल, जन्म मुंबईचा, १९६०चा. जे. जे.त शिकल्या, पुढं अमेरिकेत गेल्या. त्यांच्या चित्रांतल्या बायका निळ्या असतात. कृष्णाचा निळा घ्या, आभाळाचा घ्या, किंवा कुठल्याच वंशाच्या खान्यात न बसणारा रंग म्हणा. मांडणी लघुचित्रांची. त्यांच्या एका चित्रात सारा आणि हागार एकमेकींना मिठी मारताना दिसतात. मूळ कथेत सारा ही अब्राहामाची बायको आणि हागार दासी. सारेच्या सांगण्यावरून हागारला लेकरासकट वाळवंटात काढलं जातं. एकीच्या मुलापासून ज्यू, दुसरीच्या मुलापासून अरब, अशी परंपरा. म्हणजे घरातून बाहेर काढण्याची गोष्ट मुळातच आहे, आणि चित्रातली मिठी त्यानंतरची आहे. आमच्या कीर्तनकारांनी अब्राहामाला मराठीत आणलं. या बाईंनी अब्राहामाला बाजूला ठेवून त्या दोघींनाच समोर आणलं.

हे सगळं ऐकताना मला १९४७ आठवतं. म्हणजे वाचलेलं, माझा जन्म नंतरचा. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. वाटेगावच्या मातंग वस्तीतला एक, बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल म्हणजे अमर शेख दुसरा. फाळणीच्या कत्तली चालू होत्या, मुंबईतही सुरे चालत होते, तेव्हा अण्णा भाऊंनी पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर पोवाडा रचला. पोवाडा म्हणजे पराक्रमाचं गाणं. त्यात दंगा कसा बसवायचा? मारणाऱ्याला वीर म्हणायचं नाही आणि ऐकणाऱ्या गिरणी कामगाराला, ज्याच्या चाळीत कालच काहीतरी घडलंय, उठून जाऊ द्यायचं नाही. हे अवघड काम त्यांनी केलं. आणि अमर शेख नावाचा माणूस मराठीत, पहाडी आवाजात हिंदू-मुसलमान कामगारांसमोर गायला उभा राहत होता, हे त्या दिवसांत साधं नव्हतं. तामेर नफार हिब्रूत गातो तेव्हा मला हेच दिसतं. दोन्हींत फरक पुष्कळ आहेत, अमर शेखांना मराठी परकी नव्हती, ती त्यांचीच होती. पण नाव ऐकून समोरच्याच्या कपाळावर जी आठी पडते, ती सारखीच.

मागे एकदा एका मुलीनं विचारलं, सर, या गाण्यांनी काय थांबलं? मे २०२१मध्ये लोद पेटलंच ना? ज्यू आणि अरब शेजाऱ्यांनी एकमेकांची घरं, सभास्थानं, गाड्या जाळल्या, माणसं मेली. तिचं खरं आहे. ७ ऑक्टोबर २०२३ थांबला नाही आणि त्यानंतरची गाझाही थांबली नाही. गाझातले इंग्रजीचे प्राध्यापक आणि कवी रिफात अलअरीर त्या डिसेंबरात हवाई हल्ल्यात मारले गेले. गाण्यानं बॉम्ब अडत नाही. मी तिला तेवढंच उत्तर दिलं. उरलेलं उत्तर आज देतो. ते थोडं माझ्याबद्दल आहे.

जानेवारी १९९३. मी ज्या कॉलेजात शिकवत होतो तिथलं स्नेहसंमेलन आठ दिवसांवर आलेलं. मुंबई जळत होती. सांस्कृतिक समिती माझ्याकडे होती. कार्यक्रमपत्रिकेत शाहिरीचा एक भाग होता. गाणारा मुलगा मुसलमान, ढोलकीवर त्याचा हिंदू मित्र. कुणी आदेश दिला नाही, धमकी नाही. एवढंच म्हटलं गेलं, की वातावरण बघा जरा. मी पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. त्याच आठवड्यात वर्गात कांट शिकवत होतो, कर्तव्य परिणामांवर अवलंबून नसतं वगैरे.

तो मुलगा स्टाफरूमच्या दारात आला. भांडला नाही. म्हणाला, "सर, मग मी नुसता कोरसमध्ये उभा राहू का?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तो कॉलेजात नव्हता.

त्या मुलीला माझं म्हणणं असं, की गायलेल्या गाण्यानं काय थांबलं याचा हिशेब आपण मागतो आणि मागावाही. पण खोडलेल्या ओळीचा हिशेब कुणी मागत नाही, कारण तिथं मागायला काही उरतच नाही. तीस वर्षांहून जास्त काळ झाला. तो कोणतं गाणं म्हणणार होता, हे मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.