२६ टक्के कोणाचे? रजोनिवृत्ती, हार्मोन आणि एका चाचणीचा इतिहास

मागच्या वर्षी सिनॉप्सिस लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं : "२००२ च्या अमेरिकन चाचणीत हार्मोन उपचारांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढल्याचे सिद्ध झाले." मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि बाजूला तीन प्रश्न लिहिले. कोणत्या बायका? कशाच्या तुलनेत? मूळ पेपर वाचलास का?

नव्हता वाचला. एका रिव्ह्यूमधून उचललं होतं, आणि त्या रिव्ह्यूने बहुतेक दुसऱ्या रिव्ह्यूमधून. माझं काम हाडं झिजवणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा काय परिणाम होतो यावर आहे. प्रस्तावनेत रजोनिवृत्तीवर दोन परिच्छेद हवेत म्हणून ते वाक्य आलं होतं. रकाना भरला, पुढे गेलो.

त्याच सुमारास घरी एक वेगळंच चाललं होतं, जे मला ताईकडून फोनवर कळलं. आई ४८ वर्षांची. डिसेंबरात रात्री पंखा फुल करून झोपायची आणि बाबा दोन गोधड्या घेऊन कुरकुरायचे. छातीतून वाफ उठते, मान भिजते, झोप तुटते, असं ती ताईला सांगायची. मला नाही सांगितलं, मुलाला काय सांगायचं म्हणून. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, "वयाचं आहे, सहन करा. हार्मोन घेतलेत तर कॅन्सर होईल." प्रयोगशाळेत रोज इस्ट्रोजेन मोजून डिशमध्ये टाकणाऱ्या माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझं सिनॉप्सिसमधलं वाक्य आणि डॉक्टरांचं वाक्य एकच होतं.

मग मूळ पेपर काढले. त्यातून काय सापडलं ते इथे लिहितोय. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत आहात, तर हे कामाला येईल.

आधी थोडं मागे जाऊ. 'मेनोपॉज' या शब्दाचा उगम शार्ल द गार्दान या फ्रेंच डॉक्टरकडे जातो. १८१६ मध्ये त्याने या शब्दाचं एक ओबडधोबड रूप वापरलं आणि १८२१ च्या पुस्तकात आजचं रूप. पण नाव मिळालं म्हणून उपचार मिळाला नाही. तो खऱ्या अर्थाने बाजारात आला १९४२ साली, जेव्हा अमेरिकेत प्रेमारिन ही गोळी विकायला परवानगी मिळाली. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन, आणि इंग्रजीत नावही त्यावरूनच बनवलेलं. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने 'फेमिनिन फॉरेव्हर' हे पुस्तक लिहिलं. रजोनिवृत्ती म्हणजे मधुमेहासारखा कमतरतेचा आजार, तेव्हा गोळी घ्या आणि कायम तरुण राहा, असा त्याचा सूर होता. पुस्तक तुफान खपलं. त्याच्या संस्थेला औषध कंपन्यांचे पैसे मिळत होते, ही गोष्टही या इतिहासाचा भाग आहे.

१९७५ च्या डिसेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन अभ्यास एकत्र आले : नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी जास्त. विक्री कोसळली. मग असं लक्षात आलं की सोबत प्रोजेस्टोजेन दिलं तर अस्तर सुरक्षित राहतं. म्हणून आजही नियम असा आहे की गर्भाशय असेल तर दोन्ही औषधं द्यायची, काढलेलं असेल तर एकटं इस्ट्रोजेन चालतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खरी गंमत. २४ ऑक्टोबर १९८५ च्या त्याच जर्नलच्या एकाच अंकात दोन पेपर छापून आले. एक फ्रॅमिंगहॅम अभ्यासाचा : इस्ट्रोजेन घेणाऱ्यांना हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार जास्त. दुसरा नर्सेस हेल्थ स्टडीचा : हृदयविकार कमी. तेच जर्नल, तोच दिवस, प्रश्न जवळजवळ तोच, आणि उत्तरं उलट! संशोधन-पद्धती शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

पुढे नर्सेसच्या बाजूचं पारडं जड झालं. हा अभ्यास १९७६ मध्ये १,२१,७०० नर्सना घेऊन सुरू झाला होता. १९९१ च्या अहवालात इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये गंभीर हृदयविकार साधारण निम्मा दिसला. निम्मा! डॉक्टरांनी मग वाफांसाठीच नाही, तर हृदय सांभाळायचं म्हणून साठी-सत्तरीतल्या धडधाकट बायकांनाही गोळ्या लिहायला सुरुवात केली.

पण इथे गोळी कोण घेतंय हे कोणी ठरवलं होतं? त्या बायकांनी स्वतः आणि त्यांच्या डॉक्टरांनी. सकाळी सहाला टेकडी चढणाऱ्या लोकांची साखर मोजली आणि न चढणाऱ्यांची मोजली, तर पहिल्यांची चांगली निघेल. त्यातलं किती टेकडीमुळे आणि किती यामुळे की गुडघे दुखणारा, तीन पाळ्यांत राबणारा माणूस टेकडीवर येतच नाही? हार्मोन घेणाऱ्या बायका सरासरीने जास्त शिकलेल्या, सडपातळ, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या होत्या. आकडेमोडीत यातलं काही वजा करता येतं, सगळं नाही. यावर उपाय एकच, गोळी कोणाला द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. म्हणजे यादृच्छिक चाचणी.

अशी पहिली मोठी चाचणी, हर्स, १९९८ मध्ये आली. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायका. फायदा शून्य, उलट पहिल्या वर्षात झटके जास्त. आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, तिच्या पहिल्या महिला संचालक बर्नाडिन हीली यांच्या काळात, 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' जाहीर केलं होतं. एकूण १,६१,८०८ स्त्रिया. तोवर हृदयविकाराच्या मोठमोठ्या चाचण्या मुख्यतः पुरुषांवरच व्हायच्या, त्यामुळे हे पाऊल किती मोठं होतं ते समजून घ्या. या चाचणीवर टीका करताना हे विसरलं जातं.

तिच्या एका भागात गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायका होत्या. निम्म्यांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी, निम्म्यांना साखरेची गोळी. साडेआठ वर्षं चालायची होती. सरासरी ५.२ वर्षांनी, जुलै २००२ मध्ये थांबवली, कारण स्तनाच्या कर्करोगासाठी आधी आखलेली लाल रेघ ओलांडली गेली होती आणि एकूण हिशोबात तोटा जास्त दिसत होता.

आता मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. २६ टक्के, कशाच्या तुलनेत? १०,००० बायका एक वर्षभर साखरेची गोळी घेत असतील तर त्यांच्यात स्तनाचा कर्करोग ३० जणींना. खरी गोळी घेणाऱ्या १०,००० मध्ये ३८ जणींना. वाढ ८ ची. ३० वर ८ म्हणजे साधारण २६ टक्के, आणि १०,००० वर ८ म्हणजे हजारात एकीपेक्षा कमी. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला मथळ्यात गेला, दुसरा तक्त्यात राहिला. त्याच तक्त्यात मांडीच्या खुब्याचे फ्रॅक्चर ५ ने कमी आणि मोठ्या आतड्याचे कर्करोग ६ ने कमी, पण पक्षाघात ८ ने जास्त, फुप्फुसात गुठळ्या ८ ने जास्त आणि हृदयविकार ७ ने जास्त. एकूण मृत्यूंत फरक नाही. आणि २६ टक्क्यांच्या भोवतीची विश्वास-मर्यादा १.०० ते १.५९ होती, म्हणजे खालचं टोक 'काहीच फरक नाही' या रेषेला टेकलेलं. माझ्या वाक्यातलं 'सिद्ध झाले' किती हलक्या हाताने लिहिलं गेलं होतं बघा.

पहिला प्रश्न, कोणत्या बायका? हा मला जास्त झोंबला. वय ५० ते ७९, सरासरी ६३. पन्नाशीतल्या फक्त एक तृतीयांश. तीव्र वाफांचा त्रास असलेल्यांना यायला फारसं प्रोत्साहन नव्हतं, आणि त्यालाही कारण होतं : वाफा थांबल्या की आपल्याला खरी गोळी मिळतेय हे बाईला लगेच कळतं, न थांबल्या तर ती चाचणी सोडून जाते. चाचणीचा प्रश्नच वेगळा होता. साठीतल्या निरोगी बाईने म्हातारपणचे आजार टाळायला ही गोळी वर्षानुवर्षं घ्यावी का? उत्तर : नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ते उत्तर तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे. पण माझ्या आईचा प्रश्न तो नव्हताच. ४८ व्या वर्षी रात्री झोप लागत नाही, काय करू, हा होता.

उत्तर एका प्रश्नाचं होतं, लागू झालं दुसऱ्याला. अमेरिकेत हार्मोनच्या वर्षाला सुमारे ९ कोटी चिठ्ठ्या लिहिल्या जायच्या, २००३ मध्ये त्या अंदाजे ५.७ कोटींवर आल्या. त्यापेक्षा वाईट हे झालं की विषयच बंद झाला. 'कॅन्सर होईल' म्हटलं की पुढे विचारायचं काय? २००४ मध्ये त्याच चाचणीचा दुसरा भाग आला : गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायका, नुसतं इस्ट्रोजेन. पक्षाघात वाढला, स्तनाचा कर्करोग वाढला नाही. पण 'वाढला नाही' याचा मथळा कोण करणार? २००७ मध्ये तीच माहिती वयानुसार उलगडली तेव्हा दिसलं की पाळी जाऊन १० वर्षं झालेली नसताना सुरू केलेल्यांमध्ये हृदयविकार वाढलेला नाही, २० वर्षं उलटल्यावर सुरू केलेल्यांमध्ये वाढलाय. पक्षाघाताचा धोका मात्र या वेळेच्या फरकाने बदलताना दिसला नाही. २०१७ मध्ये १८ वर्षांचा मृत्यूंचा हिशोब आला : गोळीवाल्या २७.१ टक्के, साखरगोळीवाल्या २७.६. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधांवरचे हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाचे चौकटीतले इशारे काढत असल्याचं जाहीर केलं. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा ठेवला.

लगेच रील सुरू झाल्या, 'हार्मोन सगळ्यांनी घ्या'. हा १९६६ चाच सूर आहे, नव्या कपड्यात. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, रक्तात गुठळ्या झाल्यात, यकृताचा आजार आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतोय, त्यांचं गणित आजही वेगळंच आहे.

हे सगळं अमेरिकेचं. आपल्याकडे पाळी सरासरीने ४६-४७ च्या आसपास जाते, त्यांच्याकडे ५१ च्या. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईची मुख्य प्रश्नावली १५ ते ४९ वयासाठी असते. म्हणजे मूल होण्याचं वय संपलं की ती त्या तक्त्यांतून बाहेर. आणि 'पिशवी काढणं' हे इतकं रोजचं झालंय की त्याकडे कोणी रजोनिवृत्तीचा प्रश्न म्हणून बघतच नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८० हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशय हार्मोन बनवत राहतात. अंडाशयही काढले तर एका दिवसात रजोनिवृत्ती येते, मग वय ३५ का असेना. अशा बाईच्या हाडांना आणि हृदयाला पुढची पंधरा वर्षं इस्ट्रोजेन मिळणार नसतं. दुसरी अडचण नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असं आजची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आणि तिला काय सांगितलं जातं? ६३ वर्षांच्या, गर्भाशय असलेल्या अमेरिकन बाईचा, दोन औषधांच्या गोळीचा आकडा. वय वेगळं, शरीर वेगळं, औषध वेगळं. शिवाय काढलेल्या पिशवीसोबत अंडाशय गेले की राहिले, हे तिच्या कागदावर लिहिलेलं असेलच असंही नाही.

सिनॉप्सिसमधलं ते एक वाक्य आता पाच ओळींचं झालंय. वय, औषध, डोस, कालावधी, दोन्ही प्रकारचा धोका. मॅडम म्हणाल्या लांबलंय, पण रेघ नाही मारली.

दिवाळीत आईला मी हे सगळं सांगायला बसलो. आधी ती भाजी निवडत राहिली, माझ्याकडे बघेना. मग म्हणाली, "म्हणजे त्या बायका माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या?" मी म्हटलं, हो, सरासरी. "मग मला कशाला घाबरवलं?" यावर मी काय बोलणार. ताई तिला जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी बीपी घेतलं, घरात कोणाला कर्करोग, कोणाला गुठळ्या हे विचारलं, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी करून घेतली, आणि मग कातडीला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्रीची प्रोजेस्टेरोनची गोळी सुरू केली. सहा महिन्यांनी परत बोलावलंय. पंखा सध्या दोनवर आहे.