वचन, वही आणि तिजोरी

दरवर्षी एप्रिलमध्ये आमच्या ऑफिसात ॲक्चुअरीचा, म्हणजे विमागणितज्ञाचा, रिपोर्ट येतो. कोण किती वर्षं नोकरीत आहे, पगार किती, किती जण मध्येच सोडून जातील, याचा हिशोब मांडून ग्रॅच्युइटीपोटी कंपनीच्या डोक्यावर आज किती देणं आहे तो आकडा त्यात असतो. तो ताळेबंदात टाकायचा, खाली एक टीप लिहायची, की काम संपलं. बरीच वर्षं मी हे यांत्रिकपणे केलं. मग स्टुडबेकर कंपनीचा इतिहास वाचनात आला आणि त्या आकड्याकडे तितक्या निर्विकारपणे बघवेना.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाचं गाव आहे. तिथे १८५२ मध्ये स्टुडबेकर बंधूंनी लोहारकाम आणि घोडागाड्यांचा धंदा सुरू केला. पुढे कंपनी मोटारी बनवू लागली आणि गावातल्या घराघरांतली माणसं तिथे कामाला लागली. १९५० मध्ये कंपनीने युनायटेड ऑटो वर्कर्स या कामगार संघटनेशी करार करून पेन्शन योजना आणली.

खरी मेख इथेच होती. योजना नवी, पण कामगार जुने. त्यांची आधीची वर्षंही धरायची ठरली आणि ते योग्यच होतं. पण त्या वर्षांसाठी कोणी एक डॉलरही बाजूला ठेवलेला नव्हता. तो खड्डा कंपनीने अनेक वर्षांच्या हप्त्यांनी भरायचा होता. त्यात पुढच्या करारांमध्ये पेन्शनची रक्कम वाढत गेली. प्रत्येक वाढ मागच्या वर्षांनाही लागू, म्हणजे दर वेळी खड्डा आणखी खोल. मालकाला ते सोयीचं होतं, कारण पगारवाढीचे पैसे आज द्यावे लागतात, पेन्शनवाढीचे बरेचसे उद्यावर ढकलता येतात. संघटनेलाही सभासदांना दाखवायला काहीतरी मिळत होतं. दोघांनीही गृहीत धरलं होतं की कारखाना चालूच राहणार.

९ डिसेंबर १९६३ रोजी साउथ बेंडचा कारखाना बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं.

पेन्शन निधीत शिल्लक किती होती? सुमारे २.४ कोटी डॉलर. करारातच लिहिलेल्या क्रमाने त्याचं वाटप झालं. आधीच निवृत्त झालेले आणि साठी गाठलेले पात्र कामगार, असे सुमारे ३,६००, यांना पूर्ण पेन्शन मिळालं. त्यातच बहुतेक पैसे संपले. त्यानंतर ४० ते ५९ वयाचे, किमान १० वर्षं नोकरी झालेले सुमारे ४,००० जण. त्यांच्या हक्काच्या रकमेपैकी साधारण १५ टक्के, तेही एकरकमी, हातावर टेकवून त्यांची बोळवण झाली. या गटाचं सरासरी वय ५२ आणि सरासरी नोकरी २३ वर्षं! त्याहून तरुण कामगारांना काहीच मिळालं नाही.

मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल, तर यात कोणी पैसे खाल्ले नव्हते. सगळं नियमानुसार झालं होतं. कारण पुरेसा निधी असलाच पाहिजे असा नियमच नव्हता.

तो नियम यायला आणखी १० वर्षं गेली. सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांनी १९६७ मध्ये विधेयक मांडलं. शेवटी २ सप्टेंबर १९७४ रोजी, तिथल्या कामगार दिनी, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी 'एरिसा' कायद्यावर सही केली. पेन्शन निधीत किमान किती पैसे भरायचे हे ठरलं, आणि योजना बुडाली तर ठरावीक मर्यादेपर्यंत पेन्शन देणारी सरकारी विमा व्यवस्था उभी राहिली.

मग पाळी आली हिशोबाची. १९८५ मध्ये पेन्शनचा खर्च मोजायची एकसारखी पद्धत लागू करायचं ठरलं. १९९० मध्ये त्याहून मोठा दणका बसला. निवृत्तांच्या औषधोपचारांचा खर्च कंपन्या तोवर जसजशी बिलं येतील तसतसा लिहीत. आता पुढचं देणं आजच दाखवणं भाग पडलं. जनरल मोटर्सने १९९२ साली सुमारे २३.५ अब्ज डॉलर तोटा दाखवला, त्यातला बहुतांश या एका बदलामुळे. तेवढे पैसे त्या वर्षी कुठे गेले नव्हते. वर्षानुवर्षं दिलेली वचनं एकदम वहीत चढली, इतकंच.

आणि वचनाची किंमत डोळ्यांना दिसू लागल्यावर कंपन्यांनी काय केलं? वचन देणंच कमी केलं! इतरही कारणं होती, पण हे एक मोठं कारण होतं. ठरावीक पेन्शनच्या योजना बंद होत गेल्या आणि त्यांच्या जागी कामगाराच्या नावाचं खातं आलं. बाजार पडला तर नुकसान त्याचं. खरा हिशोब मागितला, आणि कंपन्यांनी जोखीमच कामगाराच्या गळ्यात घातली.

आपल्याकडे खाजगी नोकरदाराच्या वाट्याला मुख्यतः १९५२ च्या कायद्याने आलेला प्रॉव्हिडंट फंड आणि १९७२ च्या कायद्याने बंधनकारक झालेली ग्रॅच्युइटी. फंडाचे पैसे दर महिन्याला कंपनीबाहेर जातात. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. हिशोबाच्या नियमांप्रमाणे तिची तरतूद वहीत दिसते. पण वहीत आकडा असणं आणि तिजोरीत पैसे असणं यांत फार अंतर आहे. आमच्याकडे आकडा आहे, वेगळा निधी नाही. कंपनी चालू आहे तोवर फरक पडत नाही. स्टुडबेकरमध्येही १९६३ पर्यंत पडला नव्हता.

ॲक्चुअरीला पाठवायची यादी मीच करतो. नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख. यंदा ती करताना पन्नाशीच्या पुढची, वीसेक वर्षं झालेली नावं आपोआप मोजली गेली. अकरा निघाली. अकरावं माझंच.

साहेबांना विचारलं, एलआयसीच्या ग्रुप ग्रॅच्युइटीत थोडे थोडे पैसे भरायला लागू या का? "बघू पुढच्या वर्षी," म्हणाले.

पुढच्या एप्रिलमध्ये परत विचारणार आहे.