पोथी, प्रश्न आणि केळूसचे गुरुजी

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या वाडीत रोज रात्री बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला जातो. वेंगुर्ले तालुक्यातली ही वाडी. माझ्या लहानपणी तिला महारवाडा म्हणत, आता बौद्धवाडी म्हणतात. दिवसभर पावसात वाकून केलेली लावणी आणि रात्री विहारात जमलेली पंधरा-वीस माणसे. आधी त्रिसरण-पंचशील, मग दोन-तीन पाने वाचन, मग बोलणे. एवढाच कार्यक्रम. मी प्राथमिक शिक्षक, म्हणून वाचनाचे काम माझ्याकडे आले आणि बरीच वर्षे राहिले. या वाचनाने आमच्या मनातले काय सुटले, काय सुटले नाही आणि न सुटण्यात माझा वाटा किती, याचा हिशेब मी मांडणार आहे. तो वाडीपुरता नाही. त्याचे एक टोक आमच्याच तालुक्यातल्या केळूस गावात आहे आणि तिथूनच सुरुवात करणे भाग आहे.

कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचा जन्म १८६० साली केळूसला झाला. जातीने मराठा. मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते. १९०६ साली त्यांनी लिहिलेले शिवचरित्र प्रसिद्ध झाले, पण त्याआधी, १८९८ साली, त्यांनी गौतम बुद्धाचे चरित्र मराठीत लिहिले होते. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा एक मुलगा त्यांना दिसत असे. त्याची त्यांनी चौकशी केली. तो सुभेदार रामजींचा भीमराव. पुढे भीमरावाच्या सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवले. पैशाअभावी शिक्षण थांबायची वेळ आली तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकणारेही तेच. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आनंद झाला नाही, राग आला. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तेव्हा मी मुंबईत शिकत होतो. त्या दिवसांत आम्हा तरुणांच्या मनात एक समजूत पक्की बसली होती: गावकुसाच्या आतून आपल्याकडे फक्त विटाळ आणि शिवी येते. आणि इथे माझ्याच तालुक्यातला एक मराठा शिक्षक गावकुसाबाहेर पुस्तक घेऊन आलेला दिसत होता. मला ही गोष्ट नको होती. समजुतीला धक्का बसला की माणूस आधी पुरावा नाकारतो. मीही बरेच दिवस नाकारला.

मग एक दिवस उलटे टोक पकडावेसे वाटले. म्हणजे एका सवर्णाच्या पुस्तकामुळे बाबासाहेब घडले म्हणायचे का? तेही खरे नाही. केळुसकरांचे पुस्तक छापील होते, ते कितीतरी घरांत गेले असेल. त्या घरांत काही क्रांती झाली नाही. ती एका घरात झाली, कारण त्या घरात पुस्तक पोचण्याआधीच प्रश्न तयार होता.

तो प्रश्न कसा तयार झाला, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'साठी त्यांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही, त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी प्रसिद्ध झाली. तिच्यात ते वडिलांविषयी सांगतात. रामजी लष्करातले, शिस्तीचे कडक आणि धार्मिक. पंथाने कबीरपंथी. रोज रात्री झोपण्यापूर्वी भीमराव आणि त्यांचे थोरले बंधू यांनी महाभारत-रामायणाचा काही भाग मोठ्याने वाचायचा, बहिणी आणि घरी जमलेली मंडळी ऐकत बसायची. हे वर्षानुवर्षे चालले. म्हणजे रोजचे धर्मवाचन बाबासाहेबांच्या घरात होते, आणि तेही बुद्धाचे नव्हते.

केळुसकरांचे पुस्तक वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले, की ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांचा कमीपणा सांगणारे हे ग्रंथ आम्हाला वाचायला का लावता? बौद्ध वाङ्मय का दाखवले नाही? रामजी म्हणाले, आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड बसतो. द्रोण गरीब होता, कर्णही खालचा मानलेला, वाल्मीकी कोळी होता, तरी ते केवढे मोठे झाले ते पाहा. मुलाला यात तथ्य दिसले, पण समाधान झाले नाही. भीष्म-द्रोण, कृष्ण, राम यांतले कोणीच आपल्याला पटत नाही, असे त्याने कारणे देऊन वडिलांना सांगितले. त्यावर रामजी गप्प राहिले.

या गप्प राहण्यावर मी फार विचार केला आहे. पलटणीत हुकूम देण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाने पोराला दरडावले नाही, घराबाहेर काढण्याची धमकी दिली नाही. आपले उत्तर अपुरे पडले हे ओळखून तो थांबला. त्या शांततेत बाबासाहेबांचा बुद्धाकडचा प्रवास सुरू झाला. तो झटपट संपला नाही. १९३५ साली येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगितले. १९३६ साली मुंबईच्या महार परिषदेत धर्मांतर का हवे ते मांडले. प्रत्यक्ष दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ला. घोषणा आणि दीक्षा यांत एकवीस वर्षे आहेत, आणि त्या वर्षांत अभ्यास आहे. आपण मात्र एका दिवसात सुटलो असे मानतो.

आता आमच्या वाडीकडे येतो. दक्षिण कोकणात धर्म म्हणजे नुसता देव नसतो, गावऱ्हाटी असते. ग्रामदेवता, तिचे मानकरी, बारा-पाच, आणि प्रत्येक जातीला नेमून दिलेले काम. मेलेले जनावर ओढणे, मयताची खबर गावोगाव पोचवणे ही आमची कामे. त्याला 'मान' म्हणत. गुलामीला मान हे नाव मिळाले की ती सोडताना माणसाला आपलेच काही हरवल्यासारखे वाटते. काही अडले तर देवाला कौल लावायचा. पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. त्या पाकळीला 'का?' असे कोणी विचारत नाही. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, असे आजीने मला सांगितले होते. त्या प्रचंड चपला पाहून मी लहानपणी थरारून गेलो होतो. आमच्या वाटेवर एका झाडाखाली देवचाराची जागा होती. तिन्हीसांजेनंतर तिथून जायचे तर विडी नाहीतर भाकरीचा तुकडा ठेवूनच पुढे जायचे.

१९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. मुंबईला अंत्यविधीच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लाखभर माणसांना दीक्षा दिली. त्या गर्दीत माझे वडील होते. गिरणीतले कामगार. ते बोटीने गावी आले ते बावीस प्रतिज्ञा पाठ करूनच. घरातले टाक समुद्रात सोडले. पुढे महार वतनेही कायद्याने गेली, 'मान' संपला. बाहेरचे सगळे दोन-तीन वर्षांत सुटले. देवचाराच्या झाडाखाली विडी मात्र पडत राहिली.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' इंग्रजीत १९५७ साली निघाला. मराठी अनुवाद यायला १९७० उजाडले. तो हाती आल्यावर वाडीत वर्षावासाचे वाचन सुरू झाले. पहिल्या वर्षी मी पंचवीस वर्षांचाही नव्हतो आणि मला सगळे कळत होते. त्याच पावसाळ्यात धाकटा भाऊ तापाने फणफणला. आये गुपचूप घाड्याकडे जाऊन आली. मला कळले. रात्री वाचनानंतर भर विहारात मी तिचे नाव घेऊन बोललो. प्रतिज्ञा मोडणारे समाजाचे शत्रू आहेत, असे म्हणालो. ती उठून गेली नाही. खाली मान घालून एवढेच म्हणाली, "माका देवचाराचा भय नाय रे झिला, पोराचा भय आसा."

तालुक्याच्या दवाखान्यात पोचायला त्या पावसात अर्धा दिवस लागत होता. माझ्याकडे तिच्या भीतीवर औषध नव्हते, फक्त भाषण होते.

तरीही आये वाचनाला येत राहिली. रोहिणी नदीचे प्रकरण आले ती रात्र मला आठवते. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा बाबासाहेबांनी बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारपण-मरण दिसलेच नसेल हे कसे मानायचे, हा त्यांचा सवाल. त्यांच्या मांडणीप्रमाणे शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा झाला, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, संघाचे बहुमत विरुद्ध गेले आणि त्याने परिव्रज्या पत्करली. तेरेखोलच्या पलीकडे, गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनीही याच दिशेने विचार मांडला होता. मी हे वाचून थांबलो तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे थंयपण पाण्यावरसूनच झगडो?" सगळे हसले, मग गप्प झाले. दुसऱ्यांनी उंचावरून ओतलेले पाणी ओंजळीत घेतलेल्या बायका तिथे बसल्या होत्या. त्या रात्री बुद्ध त्यांना पहिल्यांदा आपल्या विहिरीवरचा माणूस वाटला असावा.

अशी पाच-सहा वर्षे गेली. एका रात्री वाचन संपवून आये आणि मी कंदील घेऊन घरी निघालो. देवचाराचे झाड मागे पडले. ती थांबली नाही, पदराची गाठ सोडली नाही. घरापाशी आल्यावर मी विचारले, "आये, आज काय ठेवलं नाहीस?" ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "इसारलंय मी." तिने देवचाराला नाकारले नव्हते, ती त्याला विसरली होती. माझ्या भाषणाने जे झाले नव्हते ते रोजच्या दोन पानांनी झाले. भीतीची जागा हळूहळू दुसऱ्या गोष्टींनी भरत गेली आणि जुन्याला जागा उरली नाही.

हा लेख इथे संपवता आला असता. पण हिशेबाची दुसरी बाजू माझ्या नावावर आहे.

पुढे वाचनात एक बदल झाला आणि तो मला कळला नाही. ग्रंथावर फुले पडू लागली, त्याला काही नाही. पण वाचनानंतरचे बोलणे कमी झाले. पाने मोजून संपवायची, ठरल्या तारखेला समाप्ती करायची, एवढेच उरले. ज्या ग्रंथाने अडीच हजार वर्षांच्या कथेला प्रश्न विचारला, त्याची आम्ही पोथी केली. अशातच हायस्कुलात जाणारी एक मुलगी उठली. म्हणाली, "गुरुजी, धनंजय कीरांच्या चरित्रात आहे, की केळुसकरांनी बाबासाहेबांना पुस्तक दिलं ते १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर. बाबासाहेब प्रस्तावनेत लिहितात, इंग्रजी चौथी पास झाल्यावर. खरं कुठलं?"

मला उत्तर माहीत नव्हते. मी म्हणालो, "बाबासाहेबांच्या लिहिण्यात शंका काढायची नसते. बस खाली." ती बसली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

प्रश्न साधा होता. पन्नास वर्षांपूर्वीचा प्रसंग माणूस आठवून लिहितो तेव्हा इयत्ता मागेपुढे होऊ शकते, किंवा चरित्रकाराचीही चूक असू शकते. दोन्ही कागद समोर ठेवून विचार करायचा, इतकेच. बाबासाहेबांचा मोठेपणा चौथीवर किंवा मॅट्रिकवर उभा नाही. पण मी कौलाच्या पाकळीसारखा वागलो. मी नकार दिला आणि 'का?' हा शब्द बंद केला. सुभेदार रामजींना जे जमले, ते त्यांच्यानंतर ऐंशी वर्षांनी, त्यांच्या मुलाचा ग्रंथ हातात घेऊन मला जमले नाही.

बुद्धाने केसपुत्तच्या कालामांना सांगितले, की परंपरेने चालत आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका. हे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो, दुसऱ्यांच्या ग्रंथांविषयी. अलगद्दूपम सुत्तातले त्यापुढचे आहे. साप चुकीच्या जागी धरला तर चावतो, तसा चुकीचा धरलेला धम्मही धरणाऱ्यालाच बाधतो. आणि धम्म तराफ्यासारखा आहे, पार जाण्यासाठी, डोक्यावर घेऊन फिरण्यासाठी नाही. आमच्या खाड्यांवर पूल नव्हते तेव्हा आम्ही तरीने पलीकडे जात असू. पलीकडे पोचल्यावर तर डोक्यावर घेऊन बाजारात गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. ग्रंथाच्या बाबतीत मात्र मी स्वतः तेच करत होतो.

ती मुलगी मुंबईला गेली, शिकली, शिक्षिका झाली. कित्येक वर्षांनी सुटीत ती वाडीत भेटली तेव्हा मी त्या रात्रीबद्दल तिची माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "माफीचं राहू दे, गुरुजी. उत्तर शोधलंत काय?"

तेव्हापासून आमच्या विहारात एक नियम केला आहे. जितका वेळ वाचन, तितकाच वेळ प्रश्न. पहिला प्रश्न सर्वांत लहानाचा. उत्तर येत नसेल तर वडीलधाऱ्याने तसे सांगायचे आणि तो प्रश्न वहीत लिहून ठेवायचा. गावोगावी वर्षावासाचे वाचन चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे, की हा नियम करून पाहा. आमच्या वहीतला पहिला प्रश्न केळूसच्या गुरुजींच्या पुस्तकाविषयीचा आहे. त्याच्यापुढची जागा अजून कोरी आहे, आणि दर आषाढीला आम्ही वाचन तिथूनच सुरू करतो.