हाली सिक्का मोडीत घालण्याआधी

चांदीचा भाव चढला की आपल्याकडं एक गोष्ट हमखास होते. आजीच्या पेटीतले, देवघरातले जुने रुपये सराफाच्या काट्यावर जातात. सराफ वजन करतो, घट धरतो, पैसे देतो. मोडीत नेमकं काय गेलं, हे घरात कुणी विचारत नाही.

2023 मध्ये अंतरवाली सराटीचं नाव देशभर गेलं. आंदोलनाबद्दल मतं काहीही असोत, ‘निजामकालीन नोंद’ हा शब्द तेव्हापासून घरोघर पोचला. न्या. संदीप शिंदे समितीनं जुनी दप्तरं धुंडाळली. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटबद्दल शासन निर्णय निघाला. कागदासाठी लोकांनी ट्रंका उपसल्या. त्याच ट्रंकांत कागदाखाली निजामाचा रुपयाही सापडतो. त्याच्यावर जात लिहिलेली नसते, दाखल्याला तो चालणार नाही. पण आपला मराठवाडा 1948 पर्यंत वेगळ्या राज्यात होता, त्याचं चलनही वेगळं होतं, हे सांगणारी दुसरी वस्तू आज घरात क्वचितच उरलीय.

हा हाली सिक्का. एका बाजूला चारमिनार, त्याच्या कमानीत छोटं अक्षर. ‘मीम’ असेल तर महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खान. साल हिजरी, आकडे उर्दू. 1330 म्हणजे इसवी 1911-12. वजन 11.18 ग्रॅम, चांदी सुमारे 82 टक्के.

इंग्रजांचा तो कलदार. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी सुमारे 92 टक्के. म्हातारी माणसं सहा कलदारला सात हाली असा हिशेब सांगत. आता शुद्ध चांदी मोजा. हालीत 9.14 ग्रॅम, कलदारमध्ये 10.69. प्रमाण जवळपास सहाला सातच येतं! जुन्या खरेदीखतात रक्कम ‘हाली’ लिहिलेली असेल, तर ती कलदार धरून वाचू नका.

मग ठेवायचं काय?

राणी व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांचे झिजलेले रुपये भरपूर आहेत. बहुतेकांची किंमत चांदीइतकी किंवा थोडी जास्त. गरज असेल तर विका, वाईट वाटून घेऊ नका. मात्र प्रत्येकाचं साल आधी बघा. 1939 चा रुपया दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याचे नकलीही बरेच. 1940 पासून रुपयात चांदी निम्मीच आहे. मागं वाघ असलेला 1947 चा रुपया निकेलचा, चुंबकाला चिकटतो.

हाली रुपयाचं मात्र एखादं तरी नाणं घरात राहू द्या.

तांब्याची शिवराई सराफ बाजूला सारतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडं ‘छत्रपति’. बहुतेक शिवराया पेशवाईतल्या, बाजारात फार किंमत नाही. तरी ती मोडीत घालायची वस्तू नव्हे.

कडी लावून माळेत ओवलेला रुपया संग्राहक कमी भावात घेतो. पण ती माळ पणजीच्या गळ्यातली असेल, तर तिचा भाव घरानंच ठरवायचा.

राम दरबार किंवा हनुमान छापलेलं, ईस्ट इंडिया कंपनी 1818 असं लिहिलेलं नाणं कंपनीनं कधी काढलंच नव्हतं. ‘जुनं नाणं द्या, लाखो घ्या’ म्हणून आधी फी मागणाऱ्यांपासून सावध राहा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असं कमिशन मागितलं जातं, म्हणून 2021 मध्ये बँकेनं स्वतःच इशारा दिला होता. वाडा पाडताना जमिनीत हंडा सापडला तर तो घरचा वारसा ठरत नाही. 1878 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

शेवटचं. चिंच, रांगोळी, पितांबरी लावून नाणं चकचकीत करू नका, त्यानं किंमत उतरते. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कुणाकडून आलं, कोणत्या गावचं, हे वहीत लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवर हे काम उरकून घ्या.