भाव कळला, पण माल कुठे होता?

2021 च्या जुलैअखेर बाबांचा औसा तालुक्यातल्या गावाहून फोन आला. "बघितलंस का? सोयाबीन दहा हजारांवर गेलंय!" मी पुण्यात ऑफिसात होतो. भाव मीही मोबाइलवर पाहिला होता. पण घरात तेव्हा एक कट्टाही शिल्लक नव्हता. आमचा माल आदल्या दिवाळीआधीच आडतीवर गेला होता, चार हजारांच्या आसपास.

लातूरच्या व्यापाराचा इतिहास म्हणजे एका अर्थी भाव आधी कुणाला कळतो याचा इतिहास. 1911 साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली आणि इथला शेतमाल लांबच्या बाजारांशी जोडला गेला. पण तिकडचा भाव आधी तारेनं, पुढे फोननं यायचा, तो पेढीवर. शेतकऱ्याला तो कळायचा अडत्याच्या दारात बैल सोडल्यावर. तिथून माल परत नेणं परवडायचं नाही.

संगणकानं हे बदललं. डिसेंबर 2003 मध्ये एनसीडीईएक्स सुरू झालं आणि सोयाबीनचा पुढच्या महिन्यांचा भावही स्क्रीनवर दिसू लागला. एप्रिल 2016 मध्ये ई-नाम आलं. आज लातूरचा सौदा निघाला की नांदेड जिल्ह्यात, लोह्याजवळ राहणाऱ्या माझ्या मामेभावाला तो व्हॉट्सॲपवर कळतो. गाडी नांदेडला न्यायची की लातूरला, हे तो घरी बसून ठरवतो. हा फायदा खरा आहे.

पण भाव कळणं वेगळं आणि मिळणं वेगळं. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. नवं पीक येईपर्यंत भाव उतरले होते. त्याच डिसेंबरात सेबीनं सोयाबीनचे वायदे बंद केले. म्हणजे पुढच्या भावाचा जो अंदाज स्क्रीनवर दिसायचा, तोही गेला.

मग थांबायचं कशाच्या जोरावर? पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा आणि सोयाबीनसाठी किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं. 2017 पासून नोंदणीकृत गोदामांची पावतीही इलेक्ट्रॉनिक झाली. रोजचे भाव पाठवणारे डझनभर ग्रुप बाबांच्या फोनमध्ये आहेत, पण या योजनेबद्दल त्यांतल्या एकावरही त्यांनी कधी वाचलं नव्हतं.

2024 ला हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली. माझ्या पगारातून खत-बियाण्याची उधारी फेडली आणि निम्मा माल ठेवला. सहा महिने थांबलो. भाव चढला नाही.

शेवटचे कट्टे गाडीत भरताना बाबांनी विचारलं, "तुझा मोबाइल काय म्हणतोय?"

आजचा भाव मी सांगू शकत होतो. त्यांना उद्याचा हवा होता.