पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील सार्वजनिक वाहतूक : पर्यटन व क्रीडास्पर्धांच्या संदर्भात

पुणे शहराच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आणि तिला लागून असलेल्या देहू, आळंदी, तळेगाव दाभाडे, हिंजवडी व चाकण या परिसरात चालणाऱ्या बस, मेट्रो आणि लोहमार्ग सेवांचा, तसेच यात्रा, पर्यटन व मोठ्या क्रीडास्पर्धा यांच्या गर्दीला तोंड देण्याच्या त्यांच्या क्षमतेचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. गहुंजे येथील क्रिकेट मैदान मावळ तालुक्यात, तर बालेवाडीची क्रीडानगरी पुणे शहराच्या हद्दीत आहे. परंतु दोन्हीकडचे प्रेक्षक मोठ्या प्रमाणावर याच पट्ट्यातील रस्त्यांनी येत असल्याने त्यांचा येथे समावेश केला आहे.

पार्श्वभूमी : हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 मध्ये पिंपरीत आला आणि 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना झाल्यावर कारखानदारी वेगाने वाढली. नगरपालिका 1970 मध्ये व महानगरपालिका 1982 मध्ये झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 17 लाख 27 हजारांवर होती. वस्ती कारखान्यांमागून आली आणि वाहतूक वस्तीमागून, त्यामुळे प्रवासाचे वेळापत्रक बाजारपेठेपेक्षा पाळ्यांनी ठरवले. मोठ्या कारखान्यांनी कामगारांसाठी स्वतःच्या किंवा कंत्राटी गाड्या ठेवल्या. चाकणमध्ये बजाज ऑटो, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन, महिंद्र यांचे प्रकल्प उभे राहिले तेव्हाही हीच पद्धत कायम राहिली. पहाटे, दुपारी व रात्री पाळी बदलताना चाकणच्या तळेगाव चौकातून व आंबेठाण चौकातून जाणाऱ्या कंपनी-गाड्यांची संख्या पाहता या पट्ट्यात सामूहिक प्रवासाची सवय नाही असे म्हणता येणार नाही. मात्र ही व्यवस्था ओळखपत्रधारकांपुरती असून पाहुण्याला, यात्रेकरूला किंवा सामन्याच्या प्रेक्षकाला तिचा काहीही उपयोग नाही. सार्वजनिक सेवेवरचा दबाव या समांतर सेवेने कमी केला आणि त्याच कारणाने सार्वजनिक सेवा वाढवण्याची निकडही कमी केली, ही बाब शहरनियोजनाच्या चर्चेत फारशी येत नाही.

बससेवा : पिंपरी-चिंचवड नगरपालिकेने 1974 मध्ये स्वतःची बससेवा सुरू केली, ती पीसीएमटी या नावाने ओळखली जाई. पुण्याची पीएमटी आणि ही सेवा यांचे 2007 मध्ये विलीनीकरण होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड (पीएमपीएमएल, बोलीभाषेत पीएमपी) ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात पुणे महानगरपालिकेचा 60 टक्के व पिंपरी-चिंचवडचा 40 टक्के हिस्सा असून संचलनातील तूट दोन्ही महानगरपालिका याच प्रमाणात भरून देतात. विलीनीकरणाने दोन शहरांमधला थेट प्रवास सोपा झाला. पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला योग्य प्रमाणात गाड्या येतात की नाही, याविषयी मात्र मतभेद आहेत. ताफ्यातील मोठा भाग ठेकेदारांच्या गाड्यांचा असून त्यांना किलोमीटरमागे ठरावीक दर दिला जातो, तिकिटाचे उत्पन्न महामंडळाकडे जमा होते. या पद्धतीत जादा फेरी सोडताना ठेकेदाराचे नुकसान होत नाही, त्यामुळे यात्रा व सामन्यांच्या दिवशी गाड्या वळवणे तत्त्वतः सोपे असते. प्रत्यक्षात त्या नेहमीच्या मार्गांवरून काढाव्या लागतात आणि त्या दिवशीच्या रोजच्या प्रवाशाला थांब्यावर ताटकळत राहावे लागते. फेब्रुवारी 2019 पासून निगडी व भेकराईनगर आगारांतून विजेवरच्या गाड्या धावू लागल्या. जून 2025 मध्ये भाडेवाढ होऊन किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. चाकण, देहू, आळंदी व तळेगाव येथे पीएमपीच्या गाड्या जातात, परंतु औद्योगिक वसाहतीच्या आतल्या टप्प्यांत प्रवासी मुख्यतः शेअर रिक्षा व सहा आसनी वाहनांवर अवलंबून असतो.

बीआरटी मार्ग : बसला रस्त्याच्या मध्यभागी राखीव मार्गिका, बसच्या पायरीच्या उंचीचे थांबे आणि आपोआप उघडणारी दारे अशी रचना असलेल्या जलद बससेवेस बीआरटी म्हणतात. पुण्यात स्वारगेटमार्गे जाणारा कात्रज ते हडपसर हा मार्ग डिसेंबर 2006 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला होता व त्यातील त्रुटींवर बरीच टीका झाली. पिंपरी-चिंचवडने त्यापासून धडा घेत रुंद रस्ते निवडले आणि शाश्वत नागरी वाहतूक प्रकल्पाखाली जागतिक बँकेचे साहाय्य घेतले. सांगवी ते किवळे हा मार्ग सप्टेंबर 2015 मध्ये, नाशिक फाटा ते वाकड हा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुला झाला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील दापोडी ते निगडी या सर्वांत महत्त्वाच्या मार्गिकेचे काम आधीच सुरू झाले होते, परंतु सुरक्षिततेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेल्याने तिच्यावरून गाड्या धावायला ऑगस्ट 2018 उजाडले. दरम्यान याच रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले. मार्गिकेत खासगी वाहने शिरणे, थांब्यांची दारे बंद पडणे आणि थांब्यापर्यंत पोचण्यासाठी सुरक्षित पादचारी मार्ग नसणे या तक्रारी सर्वच मार्गांवर आहेत. तरीही क्रीडास्पर्धांच्या दृष्टीने सांगवी-किवळे मार्गाचे मोल विशेष आहे, कारण त्याचे टोक असलेला किवळ्याचा मुकाई चौक गहुंजे मैदानापासून काही किलोमीटरवरच आहे. राखीव मार्गिका मैदानाच्या इतक्या जवळ येऊन थांबते आणि उरलेला तुकडा सामन्याच्या दिवशी मोटारींना दिला जातो. संपूर्ण पट्ट्यात इतक्या कमी खर्चात दूर होण्याजोगी दुसरी उणीव नाही.

मेट्रो : पिंपरी महानगरपालिका ते फुगेवाडी हा पहिला टप्पा 6 मार्च 2022 रोजी सुरू झाला, 1 ऑगस्ट 2023 रोजी तो जिल्हा न्यायालयापर्यंत आणि 29 सप्टेंबर 2024 रोजी स्वारगेटपर्यंत गेला. संत तुकारामनगर स्थानक वल्लभनगरच्या एसटी आगाराजवळ असल्याने परगावच्या प्रवाशाला मेट्रो सहज गाठता येते. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंतच्या सुमारे 4.4 किलोमीटरच्या विस्तारास केंद्राने ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी दिली. हिंजवडी ते जिल्हा न्यायालय हा 23.3 किलोमीटरचा तिसरा मार्ग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) खासगी भागीदारीत उभारत असून त्यावर बालेवाडी क्रीडानगरीजवळ स्थानक आहे. चाकणपर्यंतच्या मेट्रोचे प्रस्ताव वेळोवेळी मांडले गेले आहेत.

लोहमार्ग : पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून धावते, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी व तळेगाव ही या पट्ट्यातील स्थानके. दुपारच्या वेळी फेऱ्यांत पडणारा मोठा खंड ही या सेवेची जुनी उणीव आहे. कार्ले व भाजे लेण्यांसाठी मळवलीला उतरणारा पर्यटक आणि दुपारी 2 वाजता सुरू होणाऱ्या सामन्याचा प्रेक्षक या दोघांनाही ती नेमकी नडते. तिसरी व चौथी मार्गिका झाल्याशिवाय फेऱ्या लक्षणीय वाढणार नाहीत.

गहुंजे : महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगत असून ते एप्रिल 2012 मध्ये खुले झाले. त्याची आसनक्षमता वेगवेगळ्या ठिकाणी 37 ते 42 हजारांच्या दरम्यान दिली जाते. पहिला आंतरराष्ट्रीय सामना डिसेंबर 2012 मध्ये भारत व इंग्लंड यांच्यात, पहिली कसोटी फेब्रुवारी 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाली. 2018 मध्ये कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने येथे हलवण्यात आले. 2023 च्या विश्वचषकातील पाच सामने, ऑक्टोबर 2024 ची न्यूझीलंडविरुद्धची कसोटी आणि 31 जानेवारी 2025 चा इंग्लंडविरुद्धचा टी-20 सामना हे त्यानंतरचे प्रमुख प्रसंग होत.

मैदानाची जागा निवडताना द्रुतगती मार्गाचे सान्निध्य, म्हणजे मुंबई व पुणे या दोन्ही बाजूंनी मोटारीने येणाऱ्याची सोय, गृहीत धरली गेली. द्रुतगती मार्गावर दुचाकी व तीनचाकींना बंदी असल्याने दुचाकीस्वार व रिक्षाचा प्रवासी देहूरोड, किवळे, मामुर्डीकडच्या अरुंद रस्त्यांवर लोटला जातो. मुंबईत वानखेडे मैदानाला चर्चगेट व मरीन लाइन्स आणि नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानाला नेरुळ स्थानक चालत जाण्याइतके जवळ आहे; गहुंजेला जवळची म्हणता येतील अशी देहूरोड व बेगडेवाडी ही स्थानके असूनही तेथून मैदानापर्यंत नियमित जोडसेवा नाही. विश्वचषकाच्या वेळी पीएमपीने पुणे महानगरपालिका भवन, कात्रज व निगडी येथून विशेष गाड्या सोडल्या. मैदान भरले असता चौथा हिस्सा प्रेक्षक, म्हणजे सुमारे नऊ हजार, बसने न्यायचे ठरवले तर गाडीमागे 60 प्रवासी धरून 150 फेऱ्या लागतात. येताना त्या चार-पाच तासांत विभागता येतात, परतताना मात्र तासा-दीड तासात सोडाव्या लागतात. म्हणून सज्जतेची खरी कसोटी परतीच्या प्रवासात आहे. संध्याकाळी 7 ला सुरू होणारा टी-20 सामना रात्री 11 च्या सुमारास संपतो आणि मेट्रोची नेहमीची सेवाही त्याच सुमारास थांबते. जर्मनीने 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात सामन्याच्या तिकिटातच स्थानिक बस व रेल्वेचा प्रवास समाविष्ट केला होता. येथे सामन्याचे तिकीट आणि प्रवास यांची अशी सांगड अजून नेहमीची झालेली नाही.

इतर क्रीडास्थळे : बालेवाडीची श्री शिवछत्रपती क्रीडानगरी 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारली गेली व तेथे 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा, 2013 ची आशियाई मैदानी स्पर्धा आदी झाल्या. पिंपरीतील नेहरूनगरचे मेजर ध्यानचंद हॉकी मैदान महानगरपालिकेचे असून डिसेंबर 2021 मध्ये तेथे पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली.

वारी व यात्रा : या पट्ट्याला गर्दीच्या वाहतुकीचा सर्वांत जुना व सर्वांत यशस्वी अनुभव वारीने दिला आहे. ज्येष्ठात देहूहून तुकाराम महाराजांची व आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते, कार्तिक वद्य पक्षात आळंदीला समाधी सोहळा आणि फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत तुकाराम बीज असते. या दिवसांत पीएमपी व एसटीच्या जादा गाड्या, गावाबाहेरचे तात्पुरते तळ, बदललेले मार्ग आणि रात्रभराच्या फेऱ्या यांची आखणी आगारातील अनुभवी कर्मचारी दरवर्षी करतात, दिंड्यांचे स्वयंसेवक ती पाळायला मदत करतात आणि लाखो माणसे सुखरूप ये-जा करतात. सामन्यांच्या नियोजनात याच माणसांना व याच आराखड्यांना मध्यवर्ती स्थान मिळायला हवे. सोहळा संपताच मात्र ही सेवा आवरली जाते आणि एरवी आळंदी-देहूला येणाऱ्या भाविकाला विरळ फेऱ्यांवर भागवावे लागते.

पर्यटन : चिंचवडचे मोरया गोसावी मंदिर, निगडीचे भक्ती-शक्ती शिल्प, भंडारा व भामचंद्र डोंगर, तसेच 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळा याने शायिस्तेखानाविरुद्ध लढवलेला चाकणचा संग्रामदुर्ग ही मुख्य स्थळे. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर व भीमाशंकर येथे पुण्याहून जाणारा प्रवासी चाकणमधूनच जातो. मोशीच्या प्रदर्शन केंद्रात डिसेंबरमध्ये भरणाऱ्या किसान प्रदर्शनाला राज्यभरातून शेतकरी येतात.

सायकल व पादचारी मार्ग : काही प्रमुख रस्त्यांवर आहेत, सलग जाळे नाही.

प्रशासन व प्रलंबित प्रकल्प : चाकण नगरपरिषदेच्या हद्दीत रस्ते नगरपरिषद, एमआयडीसी, राज्य व राष्ट्रीय महामार्ग यंत्रणा यांच्यात विभागलेले आहेत, वाहतूक नियमन 2018 मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे आणि प्रादेशिक नियोजन पीएमआरडीएकडे आहे, तर बससेवेचे मालक दोन महानगरपालिका आहेत. नाशिक फाटा ते खेड या 30 किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये 7,827 कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यात सार्वजनिक बससाठी मार्गिका राखून ठेवली नाही, तर हा खर्च पुन्हा मोटारी व अवजड वाहनांच्याच कामी येईल. पुणे-नाशिक जलद लोहमार्गाच्या मूळ आखणीत चाकणचा समावेश होता, परंतु खोडद येथील रेडिओ दुर्बीण प्रकल्पाच्या (जीएमआरटी) आक्षेपामुळे ती आखणी बदलण्याचा निर्णय झाला. चाकणला अद्याप रेल्वे स्थानक नाही. जवळचे स्थानक तळेगाव दाभाडे आहे.