आंब्याच्या झाडावर चालवलेली करवत

जुन्या हापूस कलमाचा शेंडा उतरवावा, असे सुचवताच कोकणातील बागाईतदाराच्या मनात जो संकोच उत्पन्न होतो, त्यामागे बुडणाऱ्या उत्पन्नाची चिंता असतेच. परंतु फळत्या वृक्षावर शस्त्र चालवू नये, या आपल्या समाजाच्या प्राचीन धारणेचाही त्यात मोठा अंश असतो. इ.स. १७१५-१६च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड मिळवण्याचा विचार आला आहे. तेथे आंबा-फणसाची झाडे जहाजांच्या कामाची असली तरी, ती वर्षा-दोन वर्षांत होत नसल्यामुळे व रयतेने लेकरांप्रमाणे जतन केलेली असल्यामुळे, त्यांना हात लावू देऊ नये, आणि एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊनच ते तोडावे, अशी सक्त ताकीद आहे. दरबारच्या गरजेहून रयतेच्या दुःखाला अधिक मान देणारे हे कलम मला त्या ग्रंथाचे भूषण वाटते.

मात्र ती ताकीद तोडीविषयी होती. मशागतीला तिची आडकाठी नव्हती. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात कलमे बांधण्याची विद्या रुजली, हापूस कोकणभर पसरला, आणि सुमारे दहा-दहा मीटरांवर लावलेली कलमे कालांतराने एकमेकांत शिरून आभाळाकडे धावू लागली. आंब्याचा मोहर पक्व डहाळीच्या टोकाला, उजेडाच्या बाजूस येतो. त्यामुळे झाडाचे पोट अंधारात रिकामे राहते, फळ शेंड्यावर जाते, आणि झेला घेऊन तेथवर चढणाऱ्या गड्याचा जीव धोक्यात येतो.

कोकणच्या मुसळधार पावसात मोठी जखम कुजते. म्हणून भारी छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. प्रथम मधली सरळ वाढलेली फांदी काढून पोटात ऊन येऊ द्यावे. जाड फांदीला आधी खालून अर्धवट काप द्यावा, म्हणजे ती पडताना साल सोलवटत नाही. कापावर मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी, आणि खोडकिड्यावर सतत नजर ठेवावी, कारण छाटलेली झाडे याच किडीने दगावतात. पुढे फुटणाऱ्या धुमाऱ्यांपैकी बाहेरच्या दिशेने जाणारे मोजकेच सशक्त राखावेत.

या नव्या फांद्यांना फळ धरण्यास दोन-तीन वर्षे लागतात. तेव्हा बागाईतदारांनी सारी बाग एकाच साली छाटू नये, दरसाल थोडी थोडी छाटावी.